खोकं नवं, ट्यूब जुनी

सांगलीत माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. लग्नसराईच्या तोंडावर एक सप्लायर आला. "ताई, स्कीम संपत आलीय, दहा ट्यूबवर दोन फ्री." हेअर कलरच्या 3 आणि 4 नंबरच्या मिळून 48 ट्यूब घेतल्या. पैसे रोख, बिल कच्चं. खोक्यावरची तारीख बघितली होती बरं का! मुदत चांगली दोन वर्षं पुढची होती.

पहिला फटका आमच्या नेहमीच्या एका काकूंना. मुलीच्या हळदीच्या आदल्या दिवशी टचअप केलं, पूर्ण 35 मिनिटं ठेवलं, तरी कानाजवळचे पांढरे केस पांढरेच. काकू काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. आधी वाटलं, डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइड, उतरला असेल. झाकण सैल राहिलं की पेरॉक्साइडचा जोर जातोच. 20 व्हॉल्यूमची, म्हणजे 6 टक्क्यांची, नवी बाटली आणली. फरक शून्य. मग बोअरच्या पाण्यावर खापर फोडलं. मग कामावरच्या पोरीला झापलं, तू माप नीट घेत नाहीस म्हणून.

चोरी तिनंच पकडली. ट्यूबच्या दुमडलेल्या शेपटीवर बॅच नंबर असतो. तो खोक्यावरच्या नंबराशी जुळेना. एक, दोन, दहा ट्यूब बघितल्या, एकही जुळेना. काहींवरची तारीख तर खरवडलेली. मुदत संपलेला माल नव्या खोक्यांत भरला होता. पिळल्यावर आधी पिवळट पाणी, मग तपकिरी गुठळी. ताजी क्रीम फिकट निघते आणि डेव्हलपरमध्ये कालवल्यावर गडद होत जाते. इथं केसांवर चढायचा रंग ट्यूबमध्येच चढून बसला होता.

सप्लायर आधी "दोन दिवसांत बदलून देतो" म्हणाला, मग फोनच बंद. कागदावर फक्त 'कलर 48 नग'. जीएसटी नंबर नाही, बॅच नाही, दुकानाचा पत्ता नाही.

आता पक्क्या बिलाशिवाय माल घेत नाही. खोकं माल आणणाऱ्यासमोरच उघडते, शेपटीवरचा नंबर आणि तारीख जुळवते, मगच पैसे. महिनाभर पुरेल एवढंच घेते आणि जुन्या ट्यूब पुढे, नव्या मागे लावते. स्कीम ऐकली की पोरगीच आधी हसते.

काकूंना नंतर चांगल्या ट्यूबनं फुकट रंग लावून दिला. परवा त्या लग्नाचा अल्बम घेऊन आल्या, कौतुकानं. प्रत्येक फोटोत माझी नजर त्यांच्या कानाजवळच जात होती.