वरच्या खोलीपर्यंत वायरचं नेट: डी-लिंक कॅट-६, २० मीटर, भिंतीला एकही नवीन भोक न पाडता

आधीच सांगते, वायरला (कॅट-६ म्हणजे राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत नेट नेणारी वायर) पाचपैकी साडेचार आणि वायर टाकायला आलेल्या मुलाला अडीच, तेही तो स्वभावाने चांगला होता म्हणून.

आमचं घर साताऱ्यात. खालचा मजला आजेसासऱ्यांच्या वेळचा, काळ्या दगडाचा, भिंती दीड फूट जाड, आणि त्याच्यावर नंतर स्लॅब टाकून वरच्या दोन खोल्या काढल्यात. फायबरवाला आला तेव्हा त्याने राउटर खाली हॉलमध्ये टीव्हीच्या मागे बसवला आणि गेला, तेव्हा कोणाला काय माहीत होतं की पुढे मी वर बसून काम करणार. मी घरून अकाउंट्सचं काम करते, सीए ऑफिसच्या सर्व्हरवर रिमोटने टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडायची आणि दिवसभर एंट्र्या मारायच्या. स्पीड फार लागतच नाही याला, पण कनेक्शन एक सेकंद जरी अडखळलं की स्क्रीन गोठते, मी टाइप करत राहते आणि मग सगळे आकडे एकदम भलत्याच कॉलममध्ये जाऊन पडतात. आणि हे नेमकं महिन्याच्या १८-१९ तारखेला होणार, कारण २० ला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचं असतं.

वायर टाकायच्या आधी बाकी सगळे उद्योग करून झाले. डेस्कटॉपला वायफायचं डोंगल लावलं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर कसंबसं पकडायचं, ५ वाला सिग्नल तर जिन्यातच मरायचा, दगड आणि वर स्लॅबची सळई, जाणार कुठून. मग रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे पाठवणारा डबा) आणला, जिन्याच्या वळणावर लावला, कांड्या फुल दिसायला लागल्या म्हणून आण्णा (माझे सासरे) खूश, पण अडखळणं तसंच. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणजे अर्धा वेळ त्याचा निरोप पोचवण्यातच जातो. मग दिरांनी त्यांच्याकडचा पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरचा जोड दिला, जो लाइटच्या वायरिंगमधूनच नेट नेतो. कल्पना भारी आहे पण आमच्याकडे थ्री फेज मीटर आहे आणि वरचा मजला वेगळ्या फेजवर, त्यामुळे दोन डबे एकमेकांना ओळखायलाच तयार नाहीत. एकदा जोडले गेले, पण वॉशिंग मशीन चालू केलं की परत गुडूप. ज्यांचं घर सिंगल फेज आहे त्यांनी करून बघा, पण स्पाइक गार्डमध्ये खोचू नका, सरळ भिंतीच्या सॉकेटलाच लावा.

शेवटी वायरच टाकायची ठरली आणि आण्णांनी जाहीर केलं की दिवाळीला रंग दिलाय, भिंतीला भोक पडणार नाही. बाहेरून न्यायची म्हटलं तर ती साधी राखाडी वायर उन्हात तडकते, बाहेरसाठी काळ्या जाड आवरणाची वेगळी येते, आणि तशी घेतली तरी मला भीती विजेची. आमच्याकडे मे महिन्यात वळीव काय असतो ते सातारकरांना सांगायला नको. तांब्याची वायर बाहेर लोंबत असेल तर जवळ कुठे वीज पडली तरी राउटरचा किंवा कॉम्प्युटरचा पोर्ट (जिथे वायर खोचतो ते) उडू शकतो. फायबरला ती भीती नाही, पण ते राउटरपर्यंतच.

मार्ग सासूबाईंनी सुचवला, हे मुद्दाम लिहिते. त्या म्हणाल्या, "अगं ती डिशची वायर गच्चीवरून खाली येते ना भिंतीतल्या पायपातून, ती कशाला ठेवलीये आता?" खरंच की! वरचा मजला बांधताना टीव्हीसाठी पाइप टाकून घेतलाय, गच्ची, मग वरची खोली, मग हॉल, आणि डिश काढून तीन वर्षं झाली. डिशची जाड वायर जवळपास ७ मिलिमीटरची असते आणि कॅट-६ साधारण ६ ची, म्हणजे जिथून ती गेली तिथून ही जाणारच.

आता वायरबद्दल. पहिली मी ऑनलाइन मागवली होती, कॅट-६ लिहिलेली, निम्म्या किमतीत, ३० मीटर. हातात घेतली तर इतकी हलकी की शंका आली. ब्लेडने एक तार खरवडली तर वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी वायर स्टँडर्डमध्ये बसतच नाही, रेझिस्टन्स जास्त आणि दोनदा वाकवली की तुकडा पडतो. परत पाठवली. मग पोवई नाक्याजवळ एका दुकानात डी-लिंकचा ३०५ मीटरचा बॉक्स उघडलेला होता, त्यातून मीटरवर मिळाली, ३० रुपये मीटर. तिथेच एक तार खरवडून बघितली, आतपर्यंत तांबं. दुकानदाराने जरा विचित्र नजरेने बघितलं, बघू दे. लागली १४ मीटर, घेतली २०. दोन्हीकडे हात-दोन हात जास्तीची ठेवा, टोक परत कापायची वेळ येतेच (माझ्यावर आलीच). लांबीची काळजी घरात करू नका, १०० मीटरपर्यंत चालते.

टाकायला ओळखीतून एक मुलगा आला, सीसीटीव्हीची कामं करतो. आल्या आल्या म्हणाला, "वहिनी, लाइटच्या पायपातूनच घालतो, दहा मिनिटांत होईल." मी म्हटलं दादा, अजिबात नाही. २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच पायपात ही घालायची नसते, उद्या आतली एखादी तार सोलवटली तर करंट थेट माझ्या कॉम्प्युटरला. मग पाइपची गोष्ट सांगितली. जुन्या वायरच्या टोकाला नवी वायर टेपने निमुळती गुंडाळून बांधली, खालून मी सोडतेय, वरच्या खोलीतून तो ओढतोय, मध्ये जिन्यात आण्णा उभे राहून दोघांना सूचना देतायत. स्लॅबजवळच्या एल्बोला (पायपाच्या वळणाला) अडकली. तो पाय भिंतीला लावून ओढायला लागला तेव्हा मी ओरडलेच, कारण या वायरला साधारण ११ किलोच्या वर ताण द्यायचा नसतो, आतल्या जोड्यांचे पीळ सुटतात. थोडी मागे घेतली, वायरला टाल्कम पावडर चोळली आणि सुळकन निघाली. सासूबाईंचा डबा अर्धा संपला.

इथपर्यंत सगळं छान. त्याने दोन्ही टोकांना प्लग मारले, नेट चालू, ८०० रुपये घेतले, चहा घेतला, निघायला लागला. मी स्पीड टेस्ट लावली तर ९४ एमबीपीएस. आमचा प्लॅन २०० चा, खाली लॅपटॉपला वायर लावली की २०० येतातच. तो म्हणाला, "कंपनीकडूनच कमी येतंय, नेट चालू आहे ना?" आणि गेला.

हा ९४ चा आकडा लक्षात ठेवा. ९४-९५ वर सुई अडकली म्हणजे कनेक्शन गिगाबिटऐवजी (म्हणजे १००० ऐवजी) १०० वर जोडलं गेलंय. वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० ला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार नीट बसली नसेल तर बहुतेक वेळा नेट बंद पडत नाही, गुपचूप खाली उतरतं, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, माझ्याकडे १००/१०० दाखवत होता. आधी राउटरचा पोर्ट बदलून बघितला, कारण बऱ्याच फायबरच्या डब्यांना एकच पोर्ट गिगाबिट आणि बाकीचे १०० चे असतात. तो बरोबर होता. मग दुसऱ्या दिवशी २०० रुपयांचा टेस्टर आणला, दोन छोटे डबे, दोन टोकांना लावायचे आणि १ ते ८ दिवे ओळीने लागतात. सातवा लागेना. वरचा प्लग डोळ्याजवळ धरला तर सातव्या जागेचा पांढरा-तपकिरी पुढपर्यंत पोचलाच नव्हता.

क्रिंपिंगची पकड (प्लग दाबून बसवायची) दिरांच्या ऑफिसमधून आली. टोक कापलं, तारा या क्रमाने लावल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिले दोन प्लग वाया, माझ्या बोटांना ती तार सरळ करायची सवय नाही, तिसरा बसला. आठही दिवे. लिंक १०००/१०००, स्पीड टेस्ट २००, आणि रिमोटवरची टॅली आता समोर बसल्यासारखी चालते. ही वायर टाकून दोन २० तारखा गेल्या, एकदाही स्क्रीन गोठली नाही.

वायरचा अर्धा मार्क कापला कारण राखाडी रंग क्रीम भिंतीवर सॉकेटच्या खाली वीतभर उघडा दिसतो आणि आण्णा रोज तो बघून काहीतरी बोलतात. टेस्टर मात्र कोणाला हवा असेल तर आमच्याकडून घेऊन जा, दोन दिवसांत परत आणून द्या. आणि माणूस निघायच्या आधी लिंक स्पीड बघा, चहा नंतर द्या.