उबुंटू की मिंट : नवख्याच्या लॅपटॉपवर पहिल्या दिवशी काय मांडलेलं असावं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा आधार संपला आणि नातेवाइकांत मला एकदम भाव आला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे लॅपटॉप घेऊन माणसं दारात येतात. ‘ते फुकटातलं काहीतरी टाकून दे’, एवढीच मागणी असते. त्या ‘काहीतरी’मध्ये माझ्यापुरती दोनच नावं उरतात, उबुंटू आणि मिंट, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सच्या दोन फुकट सिस्टिम.

वेग, रॅम, दिसणं यांवर लिहीत नाही. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वरच (उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना) उभं आहे, त्यामुळे पोटातलं बरंचसं सारखं. फरक जाणवतो तो लॅपटॉप पहिल्यांदा उघडल्यावर आत काय काय सापडतं यात.

भांडीबाजारात लेकीचा संसार घ्यायला आलेल्या आया दोन प्रकारच्या दिसतात. एक म्हणते, कुकर, तवा, चार ताटं दिली, बाकीचं तुझं तू हौसेनं घे. दुसरी पुरणयंत्रापासून किसणीपर्यंत सगळं बांधून देते, मग ते पुरणयंत्र वर्षातून एकदा होळीला का निघेना. उबुंटू अलीकडे पहिल्या आईसारखं वागायला लागलंय. मिंट अजून दुसरीच आई आहे.

पूर्वी दोघींना मनासारखं वागायची सोयच नव्हती. उबुंटूची सीडी घरपोच फुकट यायची (२०११ पर्यंत यायची, माझ्याकडे एक अजून आहे), आणि जे काही द्यायचं ते सीडीच्या ७०० एमबीत कोंबावं लागे. २०१० साली १०.०४ मधून गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर काढलं तेव्हा केवढी हळहळ झाली होती. आता उबुंटू चढवायची फाइल सहा जीबीच्या आसपास आहे, मिंटची साधारण त्याच्या निम्मी. गंमत अशी की मोठ्या फाइलवाल्याकडे चढवताना मुकाट्यानं ‘नेक्स्ट’ दाबत पुढे पुढे गेलं तर हाती कमी पडतं. उबुंटूत २३.१० पासून ‘डिफॉल्ट सिलेक्शन’ म्हणजे ब्राउझर आणि किरकोळ उपयोगाच्या गोष्टी. लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), थंडरबर्ड (ईमेलला), रिदमबॉक्स (गाण्यांना) हवं तर ‘एक्स्टेंडेड’वर टिचकी मारायची. ते सगळं त्याच फाइलमध्ये असतं, नेट लागत नाही, पण टिचकी मारायची आठवण आपण ठेवायची.

मी नाही ठेवली. पिंपळगाव बसवंतजवळ दाजींची द्राक्षबाग आहे. त्यांच्या लॅपटॉपवर २४.०४ चढवताना मी जुन्या सवयीनं पुढे पुढे करत गेलो. २२.०४ मध्ये ‘नॉर्मल’ आधीच निवडलेलं असायचं, तेच इथेही असेल असं धरून चाललो. चूक माझीच. ऐन ऑक्टोबर छाटणीत दाजींचा फोन : “अरे, फवारणीच्या नोंदींची एक्सेल उघडत नाही. तुझ्या त्या सिस्टिमनं फाइल खराब केली वाटतं.” फाइल ठणठणीत होती, ती उघडणारं काही लॅपटॉपवर नव्हतं, एवढंच. पण नवख्या माणसाला ‘काहीतरी नाही’ हे दिसतच नाही. त्याला ‘बिघडलंय’ एवढंच दिसतं. शेडमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लिबरऑफिस उतरवून घेताना निम्मी दुपार गेली. शिवाय प्रिंटरची डेब फाइल (उबुंटू-मिंटमध्ये सॉफ्टवेअर बसवायची फाइल) उतरवली, तर उबुंटूचं सॉफ्टवेअर दुकान असलेलं अ‍ॅप सेंटर ती बसवून देईना. २४.०४ नवं होतं तेव्हा ती सोयच नव्हती, नंतर आली.

एवढ्यावरून मी उबुंटूला नापास केलं नसतं. एक टिचकी लक्षात ठेवली की हे सगळं टळतं. माझं मन फिरू लागलं होतं ते त्याआधीच, पंचवटीत, मामांकडे.

मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. त्यांच्याकडे मी २०२२ साली २२.०४ टाकलं होतं, ‘नॉर्मल’सकट, म्हणजे ताट भरलेलं होतं. पण उबुंटूमध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर येतो तो स्नॅप नावाच्या पॅकेजच्या रूपात, आणि स्नॅप आपलं आपण अपडेट होतं. ब्राउझर उघडा असेल तर ते थांबतं आणि कोपऱ्यात एक पाटी दाखवतं. आशय असा : फायरफॉक्सचं अपडेट अडलंय, व्यत्यय टाळायचा तर तो बंद करा, १३ दिवस बाकी.

मामा फायरफॉक्स कधीच बंद करत नाहीत. झाकण मिटलं की त्यांच्या लेखी लॅपटॉप बंद. त्यामुळे दुसऱ्या दिवशी १२, मग ११. मामांनी कित्येक वर्षं अँटिव्हायरसचे पैसे भरलेले. ‘इतके दिवस बाकी’ म्हटल्यावर त्यांनी तोच अर्थ काढला. मला फोन : “अरे, पैसे कुठे भरायचे ते सांग, मुदत संपत आलीय.” कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला गोलसुद्धा केला होता. मागून मामींचा आवाज, “सारखं तेरा दिवस, तेरा दिवस काय लावलंय, शुभ बोला!” रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांना तेरा दिवस म्हटल्यावर काय आठवणार, ते नाशिककरांना सांगायला नको.

फोनवर सांगितलं, मामा, फायरफॉक्स बंद करून परत उघडा. त्यांनी झाकण मिटून परत उघडलं. दुसऱ्यांदा नीट समजावलं, त्यांनी खरंच फायरफॉक्स बंद केला आणि लगेच उघडला. तरी पाटी जाईना. स्नॅप दिवसातून चार वेळा अपडेट तपासतं, आणि त्या काळी नेमक्या त्या वेळी ब्राउझर बंद असला तरच काम व्हायचं. शेवटी नाशिकच्या सिडकोतून द्वारका चौकाच्या गर्दीतून गाडी काढत पंचवटी गाठली, टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) एक ओळ लिहिली, चहा घेतला, परत आलो. काही आठवड्यांनी पुन्हा पाटी, पुन्हा १३ दिवस.

पुढच्या आवृत्त्यांत हे बरंच सुधारलंय, ते मान्य करायला हवं. बंद केल्यावर अपडेट आपोआप होतं, पाटीची भाषाही मवाळ झालीय. आणि खरं सांगायचं तर स्नॅपची बाजू लंगडी नाही : जो माणूस कधीच अपडेट दाबत नाही, त्याचा ब्राउझर निदान ताजा राहतो. पण तोवर मामांकडे मिंट गेलं होतं.

मिंटनं २०२० पासून स्नॅपला दारातच अडवलंय. फायरफॉक्स तिथे साध्या डेबच्या रूपात, बाकी सगळ्या अपडेटांबरोबर येतो. उघडा असताना अपडेट झाला तर नव्या टॅबमध्ये तो स्वतःच सांगतो की एकदा पुन्हा सुरू करावं लागेल, आणि खाली बटण देतो. मामा ते बटण दाबतात. दिवस मोजायचे नाहीत, फोन नाही. तेच सॉफ्टवेअर, फक्त कुठल्या डब्यात भरून दिलं एवढाच फरक. पण माझ्या पेट्रोलचा हिशेब त्यानं बदलला.

मिंटच्या मांडणीवर पसारा आहे, हे लपवत नाही. हिप्नोटिक्स नावाचा टीव्ही कुणाला हवा होता? (मामांना! एक अख्खी दुपार परदेशी चॅनेल बघण्यात गेली.) मॅट्रिक्स नावाचं गप्पांचं चिन्ह मी पहिल्याच दिवशी काढतो, कारण ‘हे काय आहे?’ला माझ्याकडे दोन वाक्यांत उत्तर नाही. टॉरेंट उतरवणारं ट्रान्समिशनही पडून असतं. उलट वार्पिनेटर मला आधी फालतू वाटलं होतं, आता घरातल्या घरात एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर फोटो पाठवायला पेन ड्राइव्ह शोधावा लागत नाही. गिम्प २०१९ च्या १९.३ मध्ये मिंटनंही काढला आणि ड्रॉइंग नावाचं साधं सॉफ्टवेअर दिलं. फोटो कापून लहान करायला तेवढं पुरतं.

दोन ठिकाणी मात्र मिंट नवख्याला तोंडघशी पाडू शकतं. कोडेकची (व्हिडिओ-गाणी चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची) खूण चढवतानाच करायची आणि तेव्हा नेट हवं. राहिलं तर व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेला व्हिडिओ कदाचित चालणार नाही (उबुंटूतही हीच खूण आपणच करायची आहे, तेव्हा इथे बरोबरी). दुसरं, अपडेटचं ढालीसारखं चिन्ह खाली कोपऱ्यात गुपचूप बसलेलं असतं आणि आपोआप अपडेट सुरुवातीला बंद असतात. ते सुरू करून दिल्याशिवाय मी लॅपटॉप परत देत नाही. सिस्टिमची जुनी प्रत जपून ठेवणारं टाइमशिफ्ट आधीपासून असतं, पण त्यालाही जागा आणि वेळ आपणच नेमून द्यावी लागते. मामांनी एकदा ‘नको असलेलं’ बरंच काही उडवलं, तेव्हा आदल्या दिवसाची सिस्टिम त्यातूनच परत आणली. त्यांच्या फायलींना धक्का लागला नाही. मराठी कीबोर्ड दोन्हीकडे स्वतःच जोडायचा आहे.

ज्याला संगणकाची थोडी सवय आहे, आपल्याला काय हवंय ते ठाऊक आहे आणि घरात बरं नेट आहे, त्यानं उबुंटूचं रिकामं ताट घेतलं तर मी अडवणार नाही. साफसफाईचा त्रास वाचतो. पण लॅपटॉप वापरणारा एक आणि निस्तरणारा दुसरा असेल, तर माझा हात हल्ली मिंटच्या पेन ड्राइव्हकडे जातो. जास्तीचं चिन्ह मेन्यूत पडून राहतं, त्यावरून मला अजून एकही फोन आलेला नाही.

दाजींकडे अजून उबुंटूच आहे. लिबरऑफिस बसलंय, नोंदी चालू आहेत, आणि बागेचं काम सुरू असताना लॅपटॉपला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. “माल निघाला की बघू,” म्हणालेत. पेन ड्राइव्ह मी गाडीच्या डिकीत टाकून ठेवलाय.