स्लीव्हनंतर काटा अडकला: लिक्विड रिसेट, प्रोटीन-डंबेल की इंजेक्शन?

माझ्या स्लीव्हला (वजन कमी करण्यासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन) आता चौदा महिने झाले. ११८ किलोवरून ८६ वर आले आणि आठव्या महिन्यात काटा जो तिथं बसला तो सात आठवडे हललाच नाही, रोज सकाळी गॅलरीत काट्यावर उभी राहायचे आणि दिवसभर घरच्यांवर चिडचिड.

आधी एक बघा, तुमचं नक्की कधी अडकलंय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असेल तर काहीच करू नका, तेव्हा शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा आतला साठा, परत भरत असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यामुळे चरबी उतरत असली तरी काट्याला कळत नाही. वर्ष-दीड वर्षानं थांबलं असेल तर बहुतेकांचं तिथं थांबतंच. मी बोलतेय ते मधल्या अडकण्याबद्दल.

लिक्विड रिसेट मी केलं. पाच दिवस ताक, मुगाचं कढण, सूप, मग हळूहळू मऊ खाणं. चार दिवसांत दोन किलो उतरले, मी खूश, भाकरी सुरू केली आणि आठवड्यात दोन्ही किलो घरी परत! ते पाणीच होतं. यानं पोट पुन्हा लहान होतं म्हणतात, तसं काही होत नाही. चहासोबतचं खाणं पाच दिवस तुटलं एवढाच काय तो फायदा. आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता हे करूच नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

प्रोटीन आणि डंबेल हे कंटाळवाणं आहे पण माझं काम यानंच झालं. डाएटिशियननं साठ ते ऐंशी ग्रॅम सांगितलेलं, मी छातीठोकपणे म्हणायचे की घेतेच. मग किचनचा छोटा काटा आणला. पाचच्या चहाबरोबरचा माझा 'चिमूटभर' चिवडा चाळीस ग्रॅम भरला, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी, आणि तो दिवसातून दोनदा!! चिवडा-फरसाण स्लीव्हमधून सरसर खाली जातं, पोट भरल्यासारखं वाटतच नाही, तेच पनीरचे चार तुकडे खाल्ले की बास होतं. उलट एका अंड्यात सहाच ग्रॅम प्रोटीन, तेव्हा एका अंड्यावर दिवस निघत नाही हे पण तेव्हाच डोक्यात शिरलं. इथं नाशकात गोल्फ क्लब ग्राउंडला मी रोज चालतच होते, पण नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत, वजन उचलावं लागतं. दोन-दोन किलोच्या डंबेलनं सुरुवात केली. पहिले तीन आठवडे काटा ढिम्म, पण ब्लाउज दंडात सैल व्हायला लागले. सहा आठवड्यांत तीन किलो गेले.

इंजेक्शनचं सध्या फार विचारतात. आपल्याकडे २०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आलं आणि जूनमध्ये वेगोव्ही, दोन्ही वजन कमी करायची इंजेक्शनं, आठवड्यातून एकदा घ्यायची. भूक खरंच मरते, पण आपलं पोट आधीच एवढंसं, त्यात मळमळ-उलट्या झाल्या तर प्रोटीन अजूनच कमी जाणार, शिवाय बंद केलं की वजन बहुतेक परत चढतं आणि खर्च महिन्याला हजारांत. उतरलेलं वजन परत चढायला लागलंय, भूक पहिल्यासारखी झालीय, त्यांनी आपल्या सर्जनशी जरूर बोलावं (मेडिकलवाल्याशी नाही). दोन महिने काटा अडकला म्हणून मी तरी घेणार नाही.

स्लीव्हचं बायपास (हृदयाचं नव्हे, पोटाचं, यात अन्न थेट आतड्यात जातं) करून घ्यायचं हा पण पर्याय असतो, पण तो जास्त करून भयंकर ॲसिडिटीवाल्यांसाठी किंवा बरंच वजन परत आलेल्यांसाठी, आणि त्यात धोका पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त.

म्हणजे ठरवायचं तर आधी थायरॉईड आणि बी-१२ तपासा, मग दोन आठवडे सगळं मोजून खा, तिसरं काही त्यानंतर. मिसळ मी सोडलेली नाही हं, नाशकात राहून कोण सोडेल, फक्त उसळ घेते, फरसाण आणि पाव नवऱ्याच्या ताटात. आणि वजनकाटा आता आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, मिसळीच्या आधी.