निन्जा ३०० ला मागे १५०/६० टायर: सात महिने वापरलं आणि परत १४०/७० वर आलो

आधी कबुली. मागचं टायर जाड हवं होतं ते फक्त दिसण्यासाठी. गाडी मागून पाहिली की शेपटीखाली सायकलचं चाक लावल्यासारखं वाटायचं. पकड, स्थिरता वगैरे कारणं मी नंतर शोधली, स्वतःची समजूत घालायला.

गाडी कावासाकीची निन्जा ३०० मोटरसायकल. मागचं रिम १७ इंची, रुंदी ४.०० इंच. कंपनीचं माप पुढे ११०/७०-१७, मागे १४०/७०-१७ (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). यामाहा आर३ लाही हेच माप आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं आर३वाल्यांनाही लागू पडेल. मूळ टायर बायस प्लाय होते, म्हणजे आतल्या धाग्यांचे थर तिरपे; रेडियलमध्ये ते धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. ते झिजल्यावर मी पुढे ११०/७० रेडियल आणि मागे त्याच कंपनीचं, त्याच नक्षीचं १५०/६० रेडियल टाकलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. ब्रँडवरून वाद सुरू झाला की मापाचं बोलणं बाजूलाच राहतं.

पहिले दोन आठवडे मी हवेत होतो. नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत, म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटर, जपून चालवली. मग ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना, खडबडीत वळणावर, सगळीकडे गाडी आधीपेक्षा शांत. झालं! भेटेल त्याला सांगत सुटलो की दहा मिलिमीटरने जादू केली.

जादू कशाची होती ते कळायला पुढचे सात महिने आणि साधारण नऊ हजार किलोमीटर जावे लागले.

पहिली शंका आली ती इंजिनच्या आवाजावरून. हायवेवर नेहमीच्या वेगाला इंजिन किंचित जास्त फिरतंय असं वाटायचं. घरी येऊन कागद-पेन घेतलं. १४०/७० म्हणजे बाजूची उंची १४० च्या ७० टक्के, ९८ मिमी. १७ इंची रिम ४३१.८ मिमी. दोन्ही बाजू धरून चाकाचा व्यास ६२७.८ मिमी. आता १५०/६०: बाजूची उंची ९० मिमी, व्यास ६११.८ मिमी. म्हणजे रुंद टायर घेतलं आणि चाक १६ मिमीने लहान झालं! माप निवडताना माझी नजर फक्त पहिल्या आकड्यावर होती; तिरप्या रेघेनंतरचा आकडा मी वाचलाच नव्हता.

हा फरक अडीच टक्क्यांचा. ६,००० आरपीएमला जो खरा वेग मिळत होता, त्यासाठी आता सुमारे १५० आरपीएम जास्त लागणार. गाडीला स्प्रॉकेट (चेनची दातेरी चक्रं) १४/४२ आहे, म्हणजे पुढे १४ आणि मागे ४२ दात. मागे ४३ दातांचं लावलं असतं तर परिणाम जवळपास हाच झाला असता. गंमत म्हणजे सिग्नलवरून सुटताना गाडी जरा चपळ वाटायची आणि त्याचं श्रेयही मी जाड टायरला देत होतो. ज्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला असतो तिथे अशा बदलाने स्पीडोमीटर आणि ओडोमीटर दोन्ही जास्त दाखवतात; सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर त्यांना पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट वळणांवर जाणवली, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. व्यास १६ मिमीने घटला म्हणजे गाडीचा मागचा भाग ८ मिमी खाली बसला. ऐकायला काहीच नाही, पण मागचं खाली गेलं की फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) तेवढा जास्त कलतो आणि गाडी वळायला आळशी होते. डावं-उजवं-डावं अशा सलग वळणांत हँडलला आधीपेक्षा जास्त ढकलावं लागायचं. उपाय म्हणून फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून ५ मिमी वर सरकवल्या. वळणं सुधारली, पण आता गाडी पुढूनही खाली. साइड स्टँडवर ती इतकी सरळ उभी राहू लागली की उताराकडे तोंड करून लावताना दोनदा मागे वळून बघायचो.

आता रिमविषयी. टायरच्या मापनोंदीत प्रत्येक मापाला रिमच्या रुंदीची एक मर्यादा दिलेली असते. १४०/७० साठी ४.०० इंच हे अगदी मधलं, मनासारखं रिम. १५०/६० चं माप ४.२५ इंची रिमवर घेतलेलं असतं आणि ४.०० हे त्याचं खालचं टोक. म्हणजे बसतं, नियमात बसतं, पण अंग चोरून बसतं. कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगीर होतो. माझ्या टायरवर हे स्पष्ट दिसत होतं. मधला पट्टा लवकर झिजला, आणि कडेचं दीड-दोन बोटं रबर सात महिन्यांनीही दुकानातल्यासारखं कोरं. (मित्रांनी त्यावरून माझ्या धाडसाची भरपूर चेष्टा केली. त्यातली निम्मी रास्त होती.)

यावर लगेच उत्तर येतं की केटीएम ३९० ड्यूकला कंपनीच ४.०० इंची रिमवर १५०/६० देते. बरोबर आहे, देते. पण ती गाडी त्या व्यासाचं चाक धरूनच आखली आहे. फोर्कचा कल, मागची उंची, गिअरिंग सगळं. आपण मात्र तयार सदऱ्याची एकच बाही बदलतोय. १५०/६० धोकादायक आहे असं मी अजिबात म्हणत नाही. नऊ हजार किलोमीटरमध्ये ते एकदाही दगा देऊन सरकलं नाही. १६०/६० चा विचार मात्र कोणी मनात आणू नये. त्याला साडेचार इंची रिम हवं. माझ्या १५० ने आधीच चेनच्या बाजूची जागा खाल्ली होती. पूर्वी टायर आणि चेनगार्डच्या मध्ये करंगळी सहज जायची, नंतर अडकू लागली.

मग टायर बदलायची वेळ आली आणि मी तीच कंपनी, तीच नक्षी, रेडियलच, पण १४०/७० घेतलं. फोर्क मूळ जागी आणला. हवा पुस्तकाप्रमाणे पुढे २८, मागे ३२ पीएसआय, थंड टायरवर मोजून. आता चार महिने, साडेचार हजार किलोमीटर झाले.

पकड? तीच. ओल्या रस्त्यावरचा शांतपणा? तोच. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत मी ज्यावर भाळलो होतो तो बायसकडून रेडियलकडे जाण्याचा आणि ताज्या रबराचा परिणाम होता. आणि वळणं परत आली. गाडी नुसत्या नजरेच्या इशाऱ्यावर झुकते आणि रबर जवळजवळ कडेपर्यंत वापरलं जातंय. चेष्टा करणारे गप्प आहेत.

टायर घेताना मी आता आणखी दोन गोष्टी बघतो. मापापुढचा ६६ हा भाराचा आकडा, म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त ३०० किलो. त्याच्या पुढचं अक्षर वेगाचं, एस म्हणजे ताशी १८० आणि एच म्हणजे २१० किमीपर्यंत. कंपनीने दिलंय त्याच्या खाली जायचं नाही. आणि टायर कधी बनलं ते सांगणारे बाजूवरचे चार अंक: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन-तीन वर्षं पडून राहिलेलं टायर कितीही चकाचक दिसलं तरी मी परत करतो.

मागून गाडी अजूनही सडपातळ दिसते. पण चालवताना मी तिच्या मागे नसतोच.