चिपाडाचा डबा घ्यावा की पीएलएचा?

कंपोस्ट होणारं पॅकिंग घ्यायचं ठरलं की बहुतेकांची निवड दोन गोष्टींवर येऊन थांबते. एक उसाच्या चिपाडाचा लगदा साच्यात दाबून केलेला डबा, दुसरं पीएलए, म्हणजे मका-उसाच्या साखरेतून लॅक्टिक आम्लामार्गे बनणारं जैवप्लास्टिक.

दिसण्यात पीएलए उजवं. पारदर्शक असतं, झाकण घट्ट बसतं, थंड पदार्थांसाठी त्यात खोट काढायला जागा नाही. गरम मात्र भरू नये. साधं पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. उन्हात उभ्या बंद गाडीत रिकामे डबेसुद्धा वाकतात आणि मग झाकणं बसत नाहीत. सीपीएलए, म्हणजे स्फटिकरूप केलेलं पीएलए, जास्त उष्णता सोसतं, पण ते अपारदर्शक.

चिपाडाचा डबा उकळतं भरलं तरी आकार धरतो. त्याचा शत्रू वाफ. झाकण लावून ठेवला की वाफेचं पाणी तळात मुरतं आणि तळ लिबलिबीत होतो, म्हणून झाकणाला छिद्रं असलेला घ्यावा. तेल झिरपू नये म्हणून काही उत्पादक लगद्यात पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायनं घालतात. ती कुजत नाहीत, खतातून मातीत जातात. एकूण फ्लोरिन १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भागांच्या) आत असल्याचा तपासणी अहवाल पुरवठादाराकडे मागाच. ईएन १३४३२ या युरोपीय मानकाची मर्यादा तीच आहे.

माझा कौल ठरला तो वापरानंतरच्या एका कटकटीमुळे. खरकटा पीएलएचा पेला आणि पेट प्लास्टिकचा, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा, पेला शेजारी ठेवले तर फरक कळत नाही. तळावरचं बारीक चिन्ह कचरा निवडताना कोण वाचणार? मग कंपोस्टवाले संशयापोटी दोन्ही बाजूला काढतात, नाहीतर पीएलए पेटच्या पुनर्वापरात शिरून तो माल बिघडवतं. पाण्यात टाकूनही निवडता येत नाही, दोन्ही बुडतात. आणि कंपोस्टपर्यंत पोचलं तरी त्याला ५८ अंशांच्या आसपासची उष्णता कित्येक आठवडे लागते, जी छोट्या ढिगात टिकत नाही. चिपाडाचा डबा कुणीही लांबूनच ओळखतो.

कार्बनच्या हिशेबात मला हे ओळखू येणंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोठा फायदा डब्यापेक्षा त्याला लागलेल्या अन्नात असतो. लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागी, ते हवेविना कुजून मिथेन होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. डबा अन्नासकट कंपोस्टला गेला तर हे बरंचसं टळतं. मात्र ओला कचरा वेगळा उचललाच जात नसेल तर गणित उलटतं: चिपाड तिथे स्वतःच मिथेन करतं, पीएलए जवळपास तसंच पडून राहतं. अशा ठिकाणी मी चिपाडाचा आग्रह धरणार नाही.

ढिगात टाकताना डबे चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करून भिजवावेत आणि एका भागाला दोन-तीन भाग ओला कचरा मिसळावा. अख्खे डबे एकात एक चिकटून हवा अडवतात. नुसते डबेच टाकले तर नायट्रोजन कमी पडून ढीग थंड राहतो. काही चिपाडाच्या डब्यांना आतून पीएलएचा पातळ थर असतो. डब्याचा कोपरा फाडून पाहावा, पापुद्रा सुटून आला तर तो छोट्या ढिगात टाकू नये.