युजरॲड की ॲडयुजर?

दोन कमांड (useradd आणि adduser), नावं उलटसुलट, काम एकच, त्यामुळे लिनक्सवर नवीन खातं उघडताना हात अडखळतोच. डेबियन किंवा उबुंटू ही डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) असेल तर फरक खरा आहे.

मेहनत पाहिली तर ॲडयुजर सरळ पुढे. ही पर्ल भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट. ती पासवर्ड आणि पूर्ण नाव विचारते, होम डिरेक्टरी (त्या युजरचं स्वतःचं फोल्डर) स्वतः बनवते. युजरॲड काही विचारत नाही. डेबियनवर 'वजा एम' (-m) हा पर्याय द्यायला विसरलात की होम डिरेक्टरीच नाही, शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) साधा 'एसएच' (sh), आणि पासवर्ड वेगळा देईपर्यंत पासवर्डने लॉगिन बंद. (मी हे तिन्ही एकाच दिवशी विसरलोय.)

आपण लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये मात्र युजरॲडचा तो गप्प स्वभावच कामी येतो. फक्त पासवर्ड 'वजा पी'ने (-p) देऊ नका. तिथे एन्क्रिप्ट केलेलाच लागतो, शिवाय प्रोसेसच्या यादीत तो इतरांना दिसू शकतो.

दुसऱ्या डिस्ट्रोवर? फेडोरात ॲडयुजर म्हणजे युजरॲडचंच दुसरं नाव, प्रश्नबिश्न काही नाहीत.

डेबियन-उबुंटूवर हाताने एखाददुसरं खातं उघडायचं असेल तर ॲडयुजर. पन्नास खाती किंवा वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणारी स्क्रिप्ट असेल तर युजरॲड, सगळे पर्याय स्पष्ट लिहून.