हेड धुवायचं की नवं टाकायचं? एक्सपी६०० आणि आय३२०० वापरणाऱ्यांसाठी

एक्सपी६०० आणि आय३२०० ही एप्सनची हेड्स, म्हणजे मशीनचा शाई फवारणारा भाग. ती लावलेल्या इको-सॉल्व्हंट (सौम्य द्रावकाच्या शाईच्या) मशीनवर प्रिंटमध्ये लाइन यायला लागली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो हेड धुवून घ्या, दुसरा म्हणतो हेड गेलं, नवं टाका. तुमच्या मशीनला कोणता लागू आहे ते नोझल चेकच्या, म्हणजे हेडच्या प्रत्येक नोझलची (बारीक छिद्राची) एकेक रेष छापणाऱ्या चाचणीच्या, कागदावरच दिसतं. मात्र एक कागद पुरत नाही. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीन चेक काढा, मधे क्लीनिंग (पंपाने शाई ओढून हेड साफ करणं) मारू नका, आणि तिन्ही शेजारी ठेवून बघा.

तिन्ही कागदांवर त्याच जागच्या रेषा गायब असतील तर ती नोझल्स बंद आहेत किंवा मेली आहेत. गायब रेषा प्रत्येक कागदावर जागा बदलत असतील तर हेडला हात लावू नका. तिथे शाईत हवा शिरलीय किंवा शाई पुरत नाहीये. डॅम्परची (हेडवरच्या शाईच्या छोट्या कप्प्याची) जाळी, ट्यूबचे जोड आणि कॅप टॉप (थांबलेलं हेड झाकणारी रबरी कडेची टोपी) आधी तपासा. नोझल चेक अगदी पूर्ण येतो, पण भरीव निळ्याचा पट्टा छापताना सुरुवात दाट आणि पुढे पुढे रंग फिका पडतो, हीसुद्धा पुरवठ्याचीच तक्रार. अशा मशीनला नवंकोरं हेड लावलं तरी त्याच लाइन परत येतात आणि पैसे अंगावर पडतात.

कॅप टॉप तपासायला पाच मिनिटं लागतात. हेड बाजूला सरकवून कॅप क्लीनिंग सोल्यूशनने काठोकाठ भरा. पाच मिनिटांत पातळी आपोआप उतरली तर पंप किंवा त्याची नळी हवा धरत नाही. पंप चालू केल्यावर काही सेकंदांत सगळं ओढलं गेलं पाहिजे. थांबत थांबत ओढत असेल तर नळी किंवा पंप खराब आहे. कॅपच्या रबरी कडेवर वाळलेल्या शाईची कंगोऱ्यासारखी धार असेल तर हेड नीट झाकलं जात नाही, रात्रभर हवा लागते आणि सकाळी दहा-वीस नोझल्स बंद मिळतात. हा सुटा भाग हेडच्या मानाने अगदी स्वस्त आहे. जुनी कॅप तशीच ठेवून नवं हेड बसवणं म्हणजे दुसरं हेडही त्याच वाटेने घालवणं.

एखाद्या रंगाची आख्खी रांग एकाएकी गेली आणि त्या डॅम्परमध्ये शाई भरपूर आहे, तर संशय विजेवर घ्या. मशीन बंद करा, प्लगसुद्धा काढा, मग हेडची पट्टी केबल बघा. टोकाला शाईचा थेंब किंवा काळा डाग दिसला की समजा, शॉर्ट झालंय. केबल बदला, पण बोर्डावरचे ट्रान्झिस्टर आणि फ्यूज तपासल्याशिवाय नवं हेड जोडू नका. जळका बोर्ड नवं हेड पहिल्याच मिनिटात घालवू शकतो.

धुण्याने काय सुटतं, काय सुटत नाही

वाळलेली शाई सुटते. नोझल प्लेटवर पडलेला ओरखडा, उखडलेला लेप किंवा आतला फुटलेला पडदा सुटत नाही. व्हिनाइलची कड उचलली जाऊन हेडला घासली असेल आणि त्या क्षणापासून रेषा वाकड्या येत असतील, तर धुण्यात दिवस घालवू नका. नोझल चेकमध्ये पिवळ्यात काळा मिसळत असेल तर आधी वायपर (हेड पुसणारी रबरी पट्टी) आणि कॅप स्वच्छ करा. तरीही मिसळत राहिला तर हेडच्या आतल्या वाटा एकमेकींत फुटल्या आहेत.

धुणं आधी मशीनवरच करा. लागोपाठ तीनपेक्षा जास्त क्लीनिंग नको, तासभर थांबा. त्याने नाही सुटलं तर कॅपमध्ये सोल्यूशन भरून हेड त्यावर पार्क करा, मशीन बंद ठेवा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा चेक काढा. सोल्यूशन शाईच्याच जातीचं हवं. इको-सॉल्व्हंट शाई आत असताना पाणी गेलं तर शाई फाटून गोळे धरते आणि अर्धवट बंद नोझल पूर्ण बंद होतं. कडक थिनर किंवा हार्ड सॉल्व्हंट शाईचं सोल्यूशन एप्सनच्या या हेडमधलं चिकट द्रव्य सोडवतं. कोनिका ५१२आय हे हार्ड सॉल्व्हंट शाईचं हेड लावलेल्या फ्लेक्स मशीनच्या सोल्यूशनचा डबा इथे वापरण्याची चूक फार महागात पडते.

याने नाही भागलं तर हेड उतरवून सिरिंज. सिरिंजची जाड नळी हेडच्या शाईच्या तोंडावर घट्ट बसवा आणि आधी सोल्यूशन स्वतःच्या वजनाने उतरू द्या. मग अंगठ्याचा हलका दाब, दहा सेकंदांना साधारण एक मिली. चालू नोझल्समधून केसासारख्या सरळ धारा पडताना दिसतात. बंद जागी धारांच्या ओळीत फट दिसते, आणि ती फट बुजायला लागली की धुणं लागू पडतंय. जोर केला तर तुंबलेली वाट सुटण्याआधी मधला पडदा फुटतो. अल्ट्रासॉनिक टबमध्ये फक्त प्लेट दोन-तीन मिलिमीटर टेकवा, हेड हातात किंवा क्लँपमध्ये अधांतरी धरा, दहा-पंधरा सेकंदांचे तीन-चार झटके द्या. हेड टबात बुडवून ठेवणाऱ्याकडे हेड देऊ नका.

दोन हेड, दोन हिशेब

एक्सपी६०० मुळात घरगुती फोटो प्रिंटरचं, पाण्याच्या शाईसाठी केलेलं हेड. १०८० नोझल्स, १८० च्या सहा रांगा. आय३२०० मध्ये ३२०० नोझल्स, ४०० च्या आठ रांगा, आणि त्याचं ई१ रूप इको-सॉल्व्हंटसाठीच बनवलेलं. चार रंगांत एका रंगाला ८०० नोझल्स येतात, म्हणून विखुरलेली पाच-सहा गेली तरी जास्त पासमध्ये (तीच जागा अनेक फेऱ्यांत छापताना) झाकली जातात. एक्सपी६०० वर तीच गळती लगेच डोळ्यात येते. शेजारशेजारची चार-पाच गेली तर मात्र दोन्हींवर पट्टा दिसतो.

किमतीत दोघांमध्ये कितीतरी पटींचा फरक आहे. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. एक्सपी६०० मशीनवर भिजवून आणि एकदा सिरिंज मारून सुटलं नाही तर नवं टाका. दोन दिवस मशीन बंद ठेवून होणारं नुकसान हेडच्या किमतीला गाठतं. आय३२०० साठी मात्र सगळे प्रयत्न करा, अगदी चांगल्या टेक्निशियनकडे पाठवूनसुद्धा. ओरखडा किंवा विजेचा दोष असेल तरच लगेच बदला.

नवं हेड आलं की त्याच दिवशी डॅम्पर, कॅप टॉप आणि वायपरही नवे घाला. आय३२०० च्या लेबलावरचा व्होल्टेज सॉफ्टवेअरमध्ये भरा. जुन्या हेडचा आकडा ठेवला तर थेंब लहान-मोठे पडतात. मग हेडचा तिरपेपणा, जाता-येता दोन्ही दिशांच्या छपाईचं जुळवणं आणि फीडची पायरी (दर फेरीला मटेरियल किती पुढे सरकतं), याच क्रमाने. तिरपेपणा काढल्याशिवाय फीड जुळवत बसलात तर सगळं परत करावं लागेल.

पुढे रोज संध्याकाळी कॅपची कड आणि वायपर सोल्यूशनच्या फोम स्वॅबने पुसा, कापसाने नको, त्याचे तंतू प्लेटवर राहतात. कॅपमध्ये थोडं सोल्यूशन टाका आणि हेड पार्क करा. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे एक दिवसही चुकवू नका. खोलीतली आर्द्रता ४० टक्क्यांखाली गेली की उघडी शाई भराभर वाळते. दिवाळीला दुकान चार दिवस बंद राहणार असेल तर मधे एकदा जाऊन नोझल चेक काढून या.